फोन टॅपिंग आणि सरकारी पाळत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन टॅपिंगची एखादी बातमी आली की पुढचे काही दिवस आमच्याकडे तेच ते प्रश्न येत राहतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न येथे, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत, एकत्र केले आहेत. सुरुवातीला मूलभूत बाबी आहेत आणि अपवादांची गुंतागुंत नंतर येते. एका उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हा मजकूर कायद्याची ओळख करून देण्यासाठी आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावा.

१. सरकारला माझा फोन ऐकण्याचा अधिकार आहे का?

आहे, पण तो सरसकट नाही. दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम २०(२) नुसार केंद्र किंवा राज्य सरकारला ठरावीक परिस्थितीत, लेखी कारणे नोंदवून, संदेश मध्येच टिपण्याचा आदेश देता येतो. २६ जून २०२४ रोजी हे कलम अमलात येईपर्यंत हाच अधिकार भारतीय तार अधिनियम, १८८५ च्या कलम ५(२) मध्ये होता. (मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसची स्थापना झाली तेही १८८५ सालीच. ज्यांच्या तारा सरकारला पुढे वाचाव्याशा वाटणार होत्या ती संघटना आणि तारा वाचण्याचा कायदा असे एकाच वर्षी जन्माला आले.)

या अधिकाराला राज्यघटनेची मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायमूर्ती पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा अनुच्छेद २१ खालील मूलभूत अधिकार आहे. त्यात हस्तक्षेप करायचा असेल तर त्यासाठी कायदा हवा, हेतू वैध हवा आणि हस्तक्षेप त्या हेतूच्या प्रमाणात, गरजेपुरताच हवा. गैरवापर रोखणारी कार्यपद्धतीही हवी. पुढील जवळपास प्रत्येक उत्तरात याच कसोट्या या ना त्या रूपाने येतात.

२. टॅपिंगचा आदेश नेमका कोण देतो? न्यायाधीशाची परवानगी लागत नाही का?

लागत नाही. बहुतेकांना हे ऐकून आश्चर्य वाटते, कारण घराच्या झडतीसाठी वॉरंट लागते एवढे सर्वांना ठाऊक असते. केंद्रात केंद्रीय गृह सचिव आणि राज्यात गृह विभागाचे प्रमुख सचिव (महाराष्ट्रात हे पद सामान्यतः अपर मुख्य सचिवांकडे असते) आदेश देतात. अपरिहार्य परिस्थितीत, आधीच अधिकार दिलेला आणि सहसचिवापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी तो देऊ शकतो. दुर्गम भागात किंवा कारवाईच्या तातडीमुळे तेवढाही वेळ नसेल, तर केंद्रीय यंत्रणेचे प्रमुख किंवा दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी, आणि राज्यात किमान पोलीस महानिरीक्षक दर्जाचे अधिकारी, टॅपिंग सुरू करू शकतात. मात्र तीन कामकाजी दिवसांत तसे कळवावे लागते आणि सात कामकाजी दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर टॅपिंग थांबवावे लागते. ६ डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांनुसार अशा नामंजूर टॅपिंगमधून मिळालेला मजकूर पुरावा म्हणूनही वापरता येत नाही.

थोडक्यात, मागणी करणारे पोलीस किंवा गुप्तचर यंत्रणा, मंजुरी देणारा सचिव आणि नंतर तपासणारी समिती हे तिघेही सरकारचेच भाग असतात. त्याचे परिणाम प्रश्न ६ मध्ये पाहू.

३. साध्या गुन्ह्याच्या तपासासाठी फोन टॅप करता येतो का?

कायद्याची भाषा नीट वाचली तर दोन पायऱ्या दिसतात. पहिली पायरी अशी की ‘सार्वजनिक आणीबाणी’ उद्भवलेली असली पाहिजे किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितते’चा प्रश्न असला पाहिजे. ती ओलांडल्यावरच दुसरी येते : देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण व सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्यास चिथावणी रोखणे, यांपैकी एखादे कारण. ‘गुन्ह्याचा तपास’ असे स्वतंत्र कारण या यादीत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (पीयूसीएल) या नागरी हक्क संघटनेच्या प्रकरणात स्पष्ट केले की, या दोन्ही परिस्थिती गुप्त असूच शकत नाहीत. लोकांवर व्यापक परिणाम करणारे संकट किंवा धोका सर्वसामान्य समंजस माणसालाही जाणवायला हवा. फाइलच्या आत बसून जाहीर केलेली आणीबाणी या व्याख्येत बसत नाही. करचुकवेगिरी, लाचखोरी किंवा व्यावसायिक फसवणूक या पायरीवर चढू शकते का, यावर मात्र उच्च न्यायालयांत मतभेद आहेत (प्रश्न १० पाहा).

४. एकदा आदेश निघाला की तो किती दिवस चालतो?

एका वेळी साठ दिवस, आणि मुदतवाढी धरून जास्तीत जास्त १८० दिवस. प्रत्येक वाढीसाठी नवी कारणे नोंदवावी लागतात. मागच्या आदेशाचा परिच्छेद जसाच्या तसा चिकटवणे म्हणजे कारण नोंदवणे नव्हे, हा मुद्दा बचाव पक्षाच्या वकिलांच्या उपयोगाचा आहे.

५. १८८५ चा तार अधिनियम गेला, मग १९९६ चा पीयूसीएल निकाल अजून लागू आहे का?

आहे. तो निकाल केवळ तार अधिनियमाच्या एका कलमाचा अर्थ सांगत नाही. फोनवर बोलणे हे अनुच्छेद १९ आणि २१ यांच्या संरक्षणात येते, असे तो सांगतो आणि अधिनियम बदलला म्हणून हे अनुच्छेद बदललेले नाहीत. शिवाय नव्या कायद्याने ‘सार्वजनिक आणीबाणी’ व ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे शब्द उचलूनच घेतले आहेत.

या याचिकेची पार्श्वभूमी जाणून घेण्यासारखी आहे. १९८८ च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना फोन टॅपिंगच्या आरोपांमुळे राजीनामा द्यावा लागला. मार्च १९९१ मध्ये राजीव गांधी यांच्या निवासस्थानाजवळ हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई पाळत ठेवताना सापडल्याच्या आरोपावरून उठलेल्या वादळात पंतप्रधान चंद्रशेखर यांनी पद सोडले. राजकीय नेत्यांच्या फोन टॅपिंगबद्दलचा सीबीआयचा अहवाल त्याच सुमारास छापून आला आणि पीयूसीएलने न्यायालयात धाव घेतली. ही संघटना आणीबाणीत, १९७६ साली, जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि तिच्या जडणघडणीत मूळचे सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश वि. म. तारकुंडे यांचा मोठा वाटा होता.

टॅपिंगपूर्वी न्यायालयीन मंजुरी हवी, असा आग्रह याचिकाकर्त्यांचे वकील राजिंदर सच्चर यांनी धरला होता. कायद्यात तशी तरतूद नसताना आपण ती घालू शकत नाही, असे म्हणून न्यायालयाने गृह सचिवांचा आदेश, मुदतीची मर्यादा आणि पुनर्विलोकन समिती हा मधला मार्ग काढला. ही व्यवस्था सरकार नियम करेपर्यंतची तात्पुरती सोय होती. सरकारने २००७ मध्ये तार नियमांत नियम ४१९-अ आणून बहुतांशी तीच सोय कायम केली आणि २०२४ च्या नियमांतही सांगाडा तोच ठेवला. संसदेला न्यायालयीन मंजुरीची तरतूद करण्यापासून तेव्हाही कोणी अडवले नव्हते आणि आजही कोणी अडवलेले नाही.

६. पुनर्विलोकन समिती प्रत्येक आदेश तपासते ना? मग तक्रार कशाची?

समिती आहे, तिच्यापुढे प्रत्येक आदेश सात कामकाजी दिवसांत जातो आणि आदेश बेकायदेशीर वाटल्यास तो रद्द करून टिपलेला मजकूर नष्ट करण्याचा आदेश ती देऊ शकते. कागदावर यात खोट काढणे कठीण आहे. पण दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट समितीच्या रचनेची. केंद्रात कॅबिनेट सचिव अध्यक्ष असतात आणि विधी व दूरसंचार या विभागांचे सचिव सदस्य असतात. राज्यात मुख्य सचिव अध्यक्ष असतात, सोबत विधी विभागाचे सचिव आणि गृह सचिव सोडून आणखी एक सचिव. या समितीत एकही न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा एकही सदस्य नाही आणि शासनाबाहेरची एकही व्यक्ती नाही. ज्या सचिवाने सही केली त्याचे सहकारी आणि वरिष्ठ त्या सहीची छाननी करतात.

दुसरी गोष्ट कामाच्या आकाराची. समितीने किमान दोन महिन्यांतून एकदा बसायचे असते. माहितीच्या अधिकारातील उत्तरानुसार एकट्या केंद्र सरकारकडून महिन्याला ७,५०० ते ९,००० आदेश निघत होते. त्यामुळे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालाने दाखवून दिले की, केंद्रीय समितीपुढे प्रत्येक बैठकीला १५,००० ते १८,००० आदेश येतात आणि हे काम वास्तवात शक्य नाही. (१९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करणारे श्रीकृष्ण ते हेच.) सरळ भागाकार करून पाहा : बैठक आठ तास अखंड चालली, कोणी चहालाही उठले नाही, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. तेवढ्या वेळात आदेशावरचे नाव वाचून होईल, कारणे वाचून होणार नाहीत. आमच्या मते या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत कच्चा दुवा हाच आहे. अधिकाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका न घेताही तो दाखवता येतो.

याला आणखी एक अंग आहे. ऐकणाऱ्या केंद्रीय यंत्रणांपैकी गुप्तवार्ता विभाग (आयबी) आणि रॉ यांची स्थापना संसदेच्या कोणत्याही कायद्याने झालेली नाही. त्या शासकीय आदेशांवर चालतात आणि संसदेच्या कोणत्याही समितीला त्यांच्या कामाचा जाब विचारण्याची व्यवस्था नाही. खासदार मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये यासाठी खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.

७. व्हॉट्सअॅप आणि ईमेल यांनाही हेच नियम लागू होतात का?

त्यांच्यासाठी वेगळा रस्ता आहे आणि तो अधिक रुंद आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ६९ आणि त्याखालील २००९ चे नियम संगणकातील वा संगणकामार्फत जाणारी माहिती टिपण्याची, तिच्यावर नजर ठेवण्याची आणि कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) माहिती उलगडून घेण्याची मुभा देतात. येथे प्रश्न ३ मधील पहिली पायरीच नाही. सार्वजनिक आणीबाणी लागत नाही आणि ‘कोणत्याही गुन्ह्याचा तपास’ हे कारण यादीत थेट लिहिलेले आहे. मदत नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणजे तेच दोन जण तीच गोष्ट साध्या फोनवर बोलले तर संरक्षण थोडे जास्त आणि ईमेलवर लिहिली तर कमी, अशी विचित्र स्थिती आहे.

२० डिसेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने या कलमाखाली दहा यंत्रणांची यादी जाहीर केली. तीत आयबी, सीबीआय, ईडी, एनआयए, अमली पदार्थ नियंत्रण विभाग, प्रत्यक्ष कर मंडळ, रॉ, दिल्लीचे पोलीस आयुक्त आदींचा समावेश आहे. ही यादी म्हणजे सरसकट परवानगी नसून प्रत्येक प्रकरणात सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतोच, असे सरकारने तेव्हा सांगितले होते.

व्हॉट्सअॅपचा मजकूर दोन टोकांमध्ये कूटबद्ध असतो, त्यामुळे तो वाटेत पकडला तरी वाचता येत नाही. म्हणूनच संदेश सर्वप्रथम कोणी पाठवला हे शोधून द्या, अशी अट २०२१ च्या नियमांत घातली गेली आणि कंपनीने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमातील ‘संदेश’ या शब्दाची व्याख्याही इतकी ऐसपैस आहे की अशी अॅप तिच्यात येतात का, हा वाद लगेच सुरू झाला. ती येत नाहीत, असे तत्कालीन दूरसंचार मंत्र्यांनी सांगितले. मात्र कलमाच्या शब्दांत तसा अपवाद लिहिलेला नाही.

८. पोलिसांनी माझा सीडीआर काढला. हे टॅपिंगच झाले ना?

नाही. सीडीआर म्हणजे कोणाला, केव्हा, किती वेळ फोन केला आणि तेव्हा फोन कोणत्या टॉवरजवळ होता याची नोंद. त्यात संभाषण नसते, त्यामुळे गृह सचिवांच्या आदेशाची गरज पडत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ९१) पोलीस ती नोंद मागवतात आणि प्रशासकीय सूचनांनुसार मागणी किमान पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत व्हावी लागते. कंपन्यांना या नोंदी आता किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. डिसेंबर २०२१ पूर्वी ही मुदत एक वर्ष होती.

ही नोंद निरुपद्रवी वाटते, पण दोन वर्षांच्या सीडीआरमधून माणूस कोणत्या डॉक्टरकडे जातो, रात्री कोठे असतो आणि कोणाशी त्याचे बोलणे तुटले हे सारे कळते. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी खासगी गुप्तहेरांची एक साखळी उघडकीस आणली होती. तीत असे सीडीआर बेकायदेशीरपणे मिळवून विकले जात होते. सरकारी कामासाठी उघडलेले दार खासगी गिऱ्हाइकालाही कसे उपयोगी पडते, याचे ते जवळचे उदाहरण आहे.

९. मोक्का लागला तर टॅपिंगचे नियम वेगळे असतात का?

होय. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १३ ते १६ मध्ये टॅपिंगची स्वतंत्र पद्धत आहे. तपासावर देखरेख करणारा, किमान पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी लेखी अर्ज करतो, गृह विभागातील सचिव दर्जाचा सक्षम प्राधिकारी साठ दिवसांपर्यंतचा आदेश देतो आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती तो तपासते. मुंबई उच्च न्यायालयाने ही कलमे राज्य विधिमंडळाच्या अधिकारकक्षेबाहेरची ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २००८ रोजी ती वैध ठरवली.

आरोपीच्या दृष्टीने यात एक जमेची बाजू आहे, जी इतर कायद्यांत इतकी स्पष्ट नाही. टिपलेले संभाषण पुरावा म्हणून वापरायचे असेल तर आदेशाची व अर्जाची प्रत खटल्याच्या सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी आरोपीला द्यावी लागते. सर्वांत कठोर समजल्या जाणाऱ्या कायद्यात ही तरतूद असावी आणि सामान्य कायद्यात नसावी, हे चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

१०. नियम मोडून केलेले रेकॉर्डिंग न्यायालयात पुरावा म्हणून चालते का?

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. जुनी परंपरा ‘चालते’ असे सांगते. तिचा उगम मुंबईतल्याच एका प्रकरणात आहे : मुंबईचे कॉरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी) आर. एम. मलकानी यांच्यावर लाच मागितल्याचा आरोप होता आणि त्यांच्याशी फोनवर बोलणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीने पोलिसांनी ते संभाषण ध्वनिमुद्रित केले होते. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. अनुच्छेद २१ चे संरक्षण निरपराध नागरिकाच्या संभाषणाला आहे, गुन्हेगाराला नाही, असा त्या निकालाचा रोख होता. कोण निरपराध हे खटल्याअंती ठरायचे असते, ही अडचण त्यात राहूनच गेली. पुढे बेकायदा झडतीत मिळालेला पुरावाही चालतो असे सांगणाऱ्या १९७३ च्या पूरनमल निकालाने आणि संसद हल्ला प्रकरणातील २००५ च्या निकालाने ग्राह्यतेचा नियम आणखी घट्ट केला.

पुट्टस्वामीनंतर चित्र हलू लागले. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी, एका व्यावसायिकावरील सीबीआयच्या लाचखोरीच्या प्रकरणात, २००९-१० मधले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. लाचखोरीच्या त्या आरोपात सार्वजनिक आणीबाणी नव्हती व सार्वजनिक सुरक्षिततेचाही प्रश्न नव्हता, असे न्यायालय म्हणाले आणि रेकॉर्डिंग नष्ट करण्याचे निर्देश दिले. बेकायदा मिळवलेला पुरावा सरसकट चालू दिला तर पीयूसीएलमधील निर्देशांना अर्थच उरणार नाही, ही त्यामागची भूमिका होती.

२०२५ मध्ये दोन उच्च न्यायालये काही दिवसांच्या अंतराने विरुद्ध दिशांना गेली. जूनअखेर दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की, मोठ्या रकमेच्या सरकारी कंत्राटातील भ्रष्टाचार सार्वजनिक सुरक्षिततेला धोका ठरू शकतो. २ जुलैला मद्रास उच्च न्यायालयाने लाचखोरीच्याच प्रकरणातला २०११ चा आदेश रद्द केला. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांपुढे मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बंधनकारक म्हणून मांडता येतो, पण सरकारी पक्ष सर्वोच्च न्यायालयाचे जुने निकाल पुढे करणार हे गृहीत धरावे.

११. माझा फोन टॅप झाला होता का, हे माहितीच्या अधिकारात कळेल का?

व्यवहारात नाही. आयबी, रॉ यांसारख्या यंत्रणा माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम २४ मुळे बाहेर आहेत. भ्रष्टाचार व मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे आरोप हा त्याला अपवाद आहे, पण तो सिद्ध करायला आधी टॅपिंग झाल्याचे माहीत असावे लागते. इतर खाती कलम ८ मधील सुरक्षा व तपास यांसंबंधीच्या अपवादांवर बोट ठेवतात. दूरसंचार नियामकाने कंपनीकडून ही माहिती मिळवून द्यावी, असा प्रयत्न एका नागरिकाने केला होता, तोही दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०२३ मध्ये अमान्य केला.

टॅपिंग संपल्यानंतर संबंधित व्यक्तीला कळवण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात न्यायाधीशाच्या आदेशाने झालेल्या टॅपिंगची सूचना, ते संपल्यापासून साधारण नव्वद दिवसांत द्यावी लागते. आपल्याकडे आरोपपत्रात रेकॉर्डिंग जोडले गेले तरच टॅपिंग उघड होते. ज्यांच्याविरुद्ध काहीच सापडले नाही, अशांना ते कधीच कळत नाही.

१२. फोनवर खरखर येते, मध्येच टकटक ऐकू येते. टॅपिंग सुरू आहे का?

जवळजवळ निश्चितपणे नाही. कायदेशीर टॅपिंगमध्ये कंपनीच्या जाळ्यातूनच संभाषणाची दुसरी प्रत तपास यंत्रणेकडे जाते आणि तुमच्या ओळीवर काहीही जाणवत नाही. केंद्रीय देखरेख प्रणाली (सरकारी यंत्रणांना कंपन्यांच्या जाळ्यातून थेट संभाषण टिपू देणारी व्यवस्था) आल्यापासून कंपनीच्या अधिकाऱ्याचा हातही प्रत्येक वेळी लागेलच असे नाही. खरखरीसाठी टॉवरला दोष द्यावा.

१३. पेगाससचे काय झाले? तेही ‘कायदेशीर टॅपिंग’ होते का?

पेगासस ही इस्रायली कंपनीने बनवलेली हेरगिरीची प्रणाली आहे आणि तिची जात वेगळी आहे. टॅपिंगमध्ये वाटेतला संदेश टिपला जातो, तर हेरगिरीच्या अशा प्रणालीत फोनच ताब्यात घेतला जातो आणि जुना मजकूर, कॅमेरा, माइक सारे उघडे पडते. फोनमध्ये अशी घुसखोरी करण्याची स्पष्ट मुभा कलम २०(२) किंवा कलम ६९ यांच्या शब्दांत सापडत नाही, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ व ६६ नुसार विनापरवाना घुसखोरी गुन्हा आहे.

भारतातील पत्रकार, नेते आदींच्या फोनवर पेगाससने पाळत ठेवल्याच्या बातम्या जुलै २०२१ मध्ये आल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबरला निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक अश्विन गुमास्ते तिचे एक सदस्य होते. राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले की न्यायालयाने मागे सरावे, असे होणार नाही, असे त्या आदेशात बजावलेले आहे. २५ ऑगस्ट २०२२ रोजी न्यायालयात सांगण्यात आले की तपासलेल्या २९ फोनांपैकी पाचांत घातक प्रणाली आढळली, पण ती पेगाससच होती असे म्हणता आले नाही, आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही. पेगासस विकत घेतले होते की नाही, याचे हो किंवा नाही असे सरळ उत्तर सरकारने न्यायालयाला दिले नव्हते.

१४. पोलिसांनी फोन जप्त करून पासवर्ड मागितला तर तो द्यावाच लागतो का?

तपासातील वस्तू म्हणून फोन जप्त करता येतो आणि नव्या संहितेत डिजिटल उपकरणांचा उल्लेख थेट आहे. पासवर्डचा प्रश्न अनुच्छेद २०(३) शी जोडलेला आहे : आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. १९६१ मध्ये, तेव्हाच्या मुंबई राज्याच्या एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने म्हटले की बोटांचे ठसे व हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे. बोटाने उघडणारा फोन त्यामुळे एका बाजूला पडतो आणि डोक्यात साठवलेला पासवर्ड दुसऱ्या बाजूला, असा युक्तिवाद केला जातो. त्यावर न्यायालयांचे एकमत झालेले नाही. किमान एवढे तरी करावे : जप्तीच्या पंचनाम्यात फोनचा आयएमईआय क्रमांक नोंदवून घ्यावा आणि माहितीच्या हॅश मूल्याची (माहितीत जराही बदल झाला तर बदलणाऱ्या सांकेतिक क्रमांकाची) प्रत मागावी, म्हणजे फोनमध्ये नंतर काही घातले गेले तर दाखवता येते.

१५. टपालाने आलेली पत्रेही उघडता येतात का?

येतात. १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ च्या कलम ९ मध्ये तशी तरतूद आहे. १९८६ मध्ये अशाच व्यापक अधिकारांचे टपाल दुरुस्ती विधेयक दोन्ही सभागृहांनी संमत केले होते, पण राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. किती दिवसांत निर्णय घ्यावा हे घटनेत लिहिलेले नसल्याने विधेयक तसेच पडून राहिले आणि २००२ मध्ये मागे घेण्यात आले. सरकारच्या या अधिकाराला तेव्हा बांध घातला तो राष्ट्रपतिभवनातल्या टेबलाने.

१६. जामीन देताना ‘गुगल लोकेशन चालू ठेवा’ अशी अट घालता येते का?

नाही. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट अनुच्छेद २१ चा भंग करते. आदेशात अशी अट आली असेल तर ती काढून टाकण्यासाठी अर्ज करता येतो.

१७. नवरा-बायकोने किंवा शेजाऱ्याने केलेले रेकॉर्डिंगही यात येते का?

ही सरकारी पाळत नव्हे, पण प्रश्न फार वेळा येतो. जोडीदाराचे गुपचूप केलेले ध्वनिमुद्रण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी म्हटले. त्रयस्थाने दोघांचे संभाषण चोरून टिपणे मात्र गुन्हा आहे. दूरसंचार अधिनियमाच्या कलम ४२ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

१८. बेकायदा टॅपिंगची खात्रीलायक शंका असेल तर काय करता येते?

घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका हा मुख्य मार्ग आहे. याचिकेत केवळ ‘टॅपिंग झाले का’ असे विचारून थांबू नये. मूळ आदेश, त्यात नोंदवलेली कारणे, मुदतवाढीचे आदेश आणि पुनर्विलोकन समितीच्या बैठकीचे इतिवृत्त न्यायालयापुढे, गरज पडल्यास बंद लिफाफ्यात, मागवण्याची विनंती करावी. शासनाचा कमकुवतपणा असेल तर तो बहुधा शेवटच्या कागदात सापडतो, आणि तो का, हे प्रश्न ६ वाचल्यावर ध्यानात येईल. खटला सुरू असेल तर रेकॉर्डिंग वगळण्याचा अर्ज प्रश्न १० मधील निकालांच्या आधारे करावा. रेकॉर्डिंग सहा महिन्यांनी नष्ट करण्याचा नियम असल्याने उशीर करू नये. नष्ट केल्याचे उत्तर मिळाले तर नष्ट केल्याची नोंद मागावी.

फौजदारी तक्रारही करता येते, पण अधिकाऱ्यांविरुद्ध ती पुढे नेण्यास शासनाची मंजुरी आड येऊ शकते. लोकप्रतिनिधींचे फोन टॅप केल्याच्या आरोपांवरून पुणे आणि मुंबईत २०२२ मध्ये दाखल झालेले गुन्हे सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. एका प्रकरणात पोलिसांनीच तपास बंद करण्याचा अहवाल दिला होता आणि दुसऱ्यात सरकारने खटल्यास मंजुरी नाकारली होती. दरम्यान राज्यातले सरकार बदलले होते.

१९. मी अमेरिकेत राहते आणि आई-वडील पुण्यात आहेत. आमच्या बोलण्याला कोणत्या देशाचा कायदा लागू होतो?

दोन्ही देशांचा, आणि दोन्ही बाजूंनी संरक्षण तोकडे आहे. पुण्यातल्या टोकाला भारतीय कंपनीचे जाळे असल्याने प्रश्न १ ते ७ मधील सर्व तरतुदी लागू होतात आणि टिपलेल्या संभाषणात तुमचा आवाज आपोआप येतो. दुसरीकडे, अमेरिकी गुप्तचर कायद्याचे २००८ मध्ये जोडलेले कलम ७०२ अमेरिकेबाहेरील परकीय नागरिकांना लक्ष्य करण्याची मुभा देते आणि त्यासाठी प्रत्येक व्यक्तीमागे वेगळे वॉरंट लागत नाही. तुमचे आई-वडील अमेरिकी कंपनीची ईमेल सेवा वापरत असतील तर ते अशा परकीय नागरिकांत मोडतात. तुम्ही तेथील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर तुम्हाला थेट लक्ष्य करता येत नाही, पण आई-वडिलांशी झालेला तुमचा पत्रव्यवहार ‘ओघाने’ गोळा होऊ शकतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी स्थिती थोडी वेगळी आहे : तेथील २०१६ च्या कायद्यानुसार मंत्र्याने सही केलेले वॉरंट, तातडीचा प्रसंग वगळता, न्यायिक आयुक्ताच्या मान्यतेनंतरच अमलात येते. १९९६ साली दिल्लीतल्या न्यायालयात सच्चर यांनी मागितलेली पूर्वमंजुरी याच धर्तीची होती.